हरणांसाठी तृणधान्यांचा फूड प्लॉट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत थोडीफार रानाला लागून जागा घेतलेल्या मराठी मंडळींकडून ऑगस्ट महिना उजाडला की मला तेच तेच प्रश्न येऊ लागतात. मध्य पेनसिल्व्हेनियात ओकच्या रानाच्या कडेला असलेल्या आमच्या जागेतील वीस गुंठ्यांवर केलेल्या खटपटीतून आणि त्यात खाल्लेल्या ठेचांतून जे कळले, ते येथे प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडले आहे. हिशेब सोपा जावा म्हणून क्षेत्रफळ गुंठ्यांत आणि वजन किलोत दिले आहे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे आणि एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.

१. फूड प्लॉट म्हणजे नेमके काय, आणि त्यात धान्य कशासाठी पेरायचे?

रानातील हरणांनी येऊन चरावे म्हणून मुद्दाम पेरलेला जमिनीचा छोटा तुकडा म्हणजे फूड प्लॉट. त्यात राय (गव्हाच्या जवळचे एक धान्य), गहू, ओट यांसारखी तृणधान्ये पेरतात ती दाण्यांसाठी नव्हे, तर कोवळ्या पाल्यासाठी. आपल्याकडे रब्बीत जनावरांच्या चाऱ्यासाठी ओट करतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की कापणी करणारे स्वतःच्या पायांनी येतात आणि वेळ विचारत नाहीत. ही धान्ये लवकर उगवतात, जमीन झाकतात, तण दाबतात आणि क्लोव्हरसारख्या (बरसीमच्या जवळचे द्विदल चारा पीक) हळू वाढणाऱ्या पिकाला आडोसा देतात. म्हणूनच त्यांना आच्छादनाची धान्ये म्हणतात.

२. ही हरणे म्हणजे आपले चितळच ना?

नाही. पूर्व अमेरिकेत दिसणारे हरीण पांढऱ्या शेपटीचे असते. बिथरले की शेपटी उभारून पळते आणि शेपटीच्या आतली पांढरी बाजू दुरूनही चमकते. पेनसिल्व्हेनियाचा तो राज्यप्राणी आहे. आपले चितळ मात्र १९३२ च्या सुमारास टेक्सासमध्ये आणून सोडले गेले आणि तेथे ते चांगलेच फोफावले आहे, त्यामुळे टेक्सासमधील वाचकांना दोन्ही दिसू शकतात. खाण्याच्या सवयींत एक महत्त्वाचा फरक आहे. चितळ गवतावर बऱ्यापैकी जगते, पण पांढऱ्या शेपटीचे हरीण मुळात झाडपाल्याचे शेंडे, रानभाज्यांसारख्या रुंद पानांच्या वनस्पती आणि ओकची फळे वेचून खाणारे आहे. तृणधान्य त्याला आवडते ते कोवळे असेपर्यंतच. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढची बरीच उत्तरे आपोआप उलगडतात.

३. माझ्याकडे जेमतेम दहा गुंठे मोकळे आहेत. त्याचा काही उपयोग होईल का?

हरणे थबकावीत एवढ्यापुरता होईल. हरणे पोसण्यासाठी होणार नाही. प्रौढ हरणाचा वावर साधारण एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकरांच्या आसपास असतो, आणि त्यातल्या पाव एकराने त्याच्या वर्षभराच्या पोटापाण्यात फारसा फरक पडत नाही. पाच ते वीस गुंठ्यांचा तुकडा हा वाटेवरच्या चहाच्या टपरीसारखा असतो, येथे घरचे जेवण होत नाही. मात्र जागेवर दिवसातून चार-पाच तास तरी थेट ऊन पडायला हवे. चौरस तुकड्यापेक्षा लांबट आणि किंचित वळण घेतलेला तुकडा बरा, कारण हरणांना रानाची कड जवळ हवी असते.

४. राय, गहू आणि ओट यांपैकी काय पेरू?

एकच पोते घ्यायचे असेल तर हिवाळी राय घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. आवडीच्या क्रमाने लावायचे झाले तर ओट पहिला, गहू दुसरा आणि राय शेवटची येते. पण हा क्रम सप्टेंबर-ऑक्टोबरपुरताच खरा आहे. ओटची पाने रसाळ आणि गोडसर असतात, परंतु तापमान उणे ७ ते उणे ९ अंश सेल्सियसपर्यंत उतरून काही रात्री तेथेच राहिले की ओट मान टाकतो आणि पिवळा पडून जमिनीवर लोळतो. गहू हिवाळा काढतो, मात्र त्याला जमीन जरा बरी लागते. राय मात्र कशालाही दाद देत नाही. जेमतेम १ अंशाच्या जमिनीतही ती उगवते, एकदा मूळ धरले की उणे ३० च्या थंडीतही तग धरते, आम्लधर्मी आणि हलक्या जमिनीचे तिला वावडे नसते, आणि मार्चमध्ये बर्फ विरघळताच रानात दुसरे काहीही हिरवे नसताना तिचा पाला वर येतो. गाभण माद्यांना त्या दिवसांत त्याची खरी गरज असते.

म्हणून माझ्या तुकड्यात राय आणि ओट निम्मे निम्मे असतात. ओट हरणांना बोलावतो आणि राय त्यांना थांबवून धरते. गहू मी सोडून दिला आहे, तो वाईट आहे म्हणून नव्हे, तर या दोघांच्या मध्ये त्याला करण्यासारखे फारसे उरत नाही म्हणून. पिशवीवर मोठाल्या शिंगांच्या नराचे चित्र असलेली महागडी मिश्रणे बाजारात मिळतात. त्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी छापलेली असते, ती वाचल्यावर पुष्कळदा हेच ओट, हीच राय आणि थोडे क्लोव्हर सापडते.

५. दुकानात ‘रायग्रास’ स्वस्त मिळाले. ते राय धान्यच का?

मुळीच नाही, आणि या प्रश्नावर मी इतक्या जोराने उत्तर देतो याचे कारण पहिल्या वर्षी मी स्वतः याच खड्ड्यात पडलो होतो. राय हे गव्हाच्या जवळचे धान्य आहे. रायग्रास हे हिरवळीचे आणि कुरणाचे निराळे गवत आहे. दुकानदाराने पोते पुढे सरकवले, नावात राय होते, मी पैसे दिले. रायचा दाणा गव्हासारखा, जरा लांबट, बारीक आणि करडा-हिरवट असतो, हे तेव्हा ठाऊक असते तर पोत्यात हात घालताच कळले असते. माझ्या मुठीत हलके, तुसासारखे बी आले होते आणि मी ते पेरूनही टाकले. हरणांनी त्याकडे ढुंकून पाहिले नाही, उलट ते गवत पुढची दोन वर्षे क्लोव्हरमध्ये तण म्हणून डोके वर काढत राहिले.

६. पेरणी कधी करावी?

मिशिगन, विस्कॉन्सिन, न्यूयॉर्क या उत्तरेकडील राज्यांत ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, पेनसिल्व्हेनियात ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आणि जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या दक्षिणेकडील राज्यांत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्यापर्यंत. ओटला कडाक्याच्या थंडीआधी सहा-आठ आठवडे मिळाले पाहिजेत. रायला घाई नसते. आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेली रायसुद्धा साधली आहे.

पण कॅलेंडरपेक्षा पाऊस पाहावा. हवामान खात्याने पाऊण-एक इंच पावसाचा अंदाज दिला की त्याच्या आदल्या दिवशी बी टाकावे. वाफसा पाहून पेरण्याची आपली सवय इथेही तितकीच कामाची आहे. दक्षिणेत फार लवकर पेरले तर लष्करी अळी एका रात्रीत तुकडा सफाचट करते, म्हणून तेथे उशीर हाच शहाणपणा ठरतो.

७. गुंठ्याला बी किती लागते?

राय किंवा ओट एकटे फोकून पेरायचे असल्यास एकरी सुमारे १०० पौंड, म्हणजे गुंठ्याला अंदाजे १.१ किलो. पाभरीसारख्या यंत्राने ओळीत पेरल्यास यातून पाव हिस्सा कमी करता येतो. दहा गुंठ्यांसाठी माझे मिश्रण असे असते : राय साडेपाच किलो, ओट साडेपाच किलो आणि तांबडे क्लोव्हर एक किलो. बी दुप्पट टाकले म्हणजे चारा दुप्पट होतो असे नाही. दाट रोपे एकमेकांचे अन्नपाणी ओढतात, पिवळी पडतात आणि खालचे क्लोव्हर गुदमरते.

८. ट्रॅक्टर नाही. मशागत कशी करू?

लहान तुकड्याला ट्रॅक्टर नसणे हे मी तर भाग्य समजतो. जमीन खोलवर उलटली की वर्षानुवर्षे खाली दबून राहिलेले तणाचे बी उजेडात येते आणि उतारावरची माती पहिल्या वळवात वाहून जाते. तृणधान्यांचा दाणा मोठा आणि जोमदार असतो. त्याला ओली माती चिकटली आणि वरून थोडे झाकण मिळाले की पुरते.

आमची रीत अशी. जुलैअखेर तुकडा कापून टाकतो. तीन आठवड्यांनी तण हिरवे होऊन वर आले की जे तणनाशक वापरतात ते फवारतात. ज्यांना ते नको असेल त्यांनी अगदी बुडातून पुन्हा एकदा कापावे आणि थोडे तण राहणार हे मान्य करावे. मग पावसाचा अंदाज पाहून, उभ्या किंवा वाळत आलेल्या तणातच, छातीवर टांगायच्या फिरकीच्या पिशवीतून बी फोकायचे. निम्मे बी उभे चालत आणि निम्मे आडवे चालत टाकले तर पट्टे राहत नाहीत. त्यानंतर उभे तण कापून बियांवर पाडायचे. हे तण आच्छादनाचे काम करते, ओल धरते आणि टर्की पक्ष्यांपासून दाणे लपवते. जेथे जमीन उघडीच आहे तेथे लोखंडी दाताळ्याने एक बोटभर माती खरवडून बी टाकावे आणि वरून जुनी लोखंडी जाळी ओढावी. दाणा अडीच-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल जाण्याची गरज नसते.

शेवटी तुडवणे. गवत कापायच्या यंत्राच्या चाकांनी, रुळाने किंवा घरातल्या मुलांच्या पायांनी, कशानेही चालेल, पण बी आणि माती यांची गाठ पडली पाहिजे. पाचव्या-सहाव्या दिवशी दव असताना वाकून पाहिले तर रायचे कोंब जांभळट दिसतात आणि ओटचे फिकट हिरवे. त्या रंगावरून कोण उगवले आणि कोण राहिले ते ओळखता येते.

९. चुना आणि खत किती घालावे?

माती तपासल्याशिवाय काहीही घालू नये. बहुतेक राज्यांत तेथील विद्यापीठाच्या कृषी विस्तार सेवेमार्फत माती परीक्षण थोड्या पैशांत होते. आमच्याकडे ते पेन स्टेट विद्यापीठ करते. देशावरच्या काळ्या जमिनीची सवय असलेल्यांना येथे उलटा अनुभव येतो. आपल्याकडे सामू (pH) आठच्या वर गेल्याची काळजी असते, तर पूर्व अमेरिकेतील रानाकाठच्या जमिनी कोकणातल्या जांभ्या जमिनीसारख्या आम्लधर्मी असतात. आमचा सामू पहिल्यांदा ५.२ आला होता. राय पाचवरही भागवते, गव्हाला सहाच्या आसपास हवा आणि क्लोव्हरला सहाच्या वर असेल तर बरे.

अहवालात एकरी दोन टन चुना सांगितला तर दहा गुंठ्यांना अर्धा टन, म्हणजे चाळीस पौंडी पिशव्या पंचवीस. वाचायला हे सोपे आहे; रानातल्या पायवाटेने एकचाकी ढकलगाडीतून त्या वाहून न्यायला मला तीन शनिवार लागले. चुन्याचा परिणाम दिसायला काही महिने जातात, म्हणून तो पेरणीच्या आधीच्या वसंतात टाकावा. नत्र मात्र लगेच बोलते : दहा गुंठ्यांना दहा किलो युरिया, म्हणजे भारतात मिळणाऱ्या ४५ किलोच्या गोणीचा जेमतेम पाव भाग, रोपे बोटभर झाल्यावर आणि पावसाच्या तोंडावर. सोबत क्लोव्हर असेल तर हे प्रमाण निम्मे करावे.

१०. क्लोव्हर सोबत पेरलेच पाहिजे का?

सक्ती नाही, पण न पेरण्यासारखा दुसरा तोटा नाही. क्लोव्हर हे आपल्या बरसीमचे सख्खे भावंड आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धान्याच्या आडोशाने ते रुजते, हिवाळ्यात दबून राहते आणि एप्रिलनंतर धान्य निबर होते तेव्हा तुकड्याचा ताबा घेते. द्विदल पीक असल्याने ते हवेतील नत्र जमिनीत बांधते. मात्र त्यासाठी बियाला योग्य रायझोबियम संवर्धक, म्हणजे नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची भुकटी, चोळलेले असावे. पुष्कळ बियाणे तसे लेप देऊनच येते. क्लोव्हर असेल तेव्हा धान्याचे प्रमाण प्रश्न ७ मध्ये दिल्याप्रमाणेच ठेवावे, वाढवू नये.

११. उगवण झाली होती, पण तुकडा वाढतच नाही. बी खराब होते का?

बहुधा बी चांगले होते आणि हरणांनाही तेच वाटले. याची शहानिशा करायला एक जाळीचा पिंजरा ठेवावा. साडेबारा फूट लांबीची वेल्डमेश जाळी गोल करून टोके तारेने बांधली की चार फूट व्यासाचा पिंजरा होतो. पेरणीच्या दिवशीच तो दोन खुंट्यांनी तुकड्याच्या मध्ये रोवावा. पाच आठवड्यांनी आमच्या पिंजऱ्यात राय गुडघ्याला लागली होती आणि जाळीबाहेर अंगठ्याएवढी, प्रत्येक पात्याचे टोक फाटके. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते पाते कातरत नाही, ओढून तोडते. ससा तिरका आणि स्वच्छ छेद देतो. पिंजऱ्याच्या आतही पीक खुरटे आणि पिवळे असेल तर मात्र दोष मातीत किंवा नत्रात आहे आणि प्रश्न ९ कडे वळावे.

हरणे फारच असतील तर सुरुवातीचे महिनाभर विजेच्या तारेचे हलके कुंपण घालतात. तारेवर ठिकठिकाणी ॲल्युमिनियमच्या कागदात शेंगदाण्याचे लोणी लावून ठेवले की हरीण नाक लावते आणि धडा शिकते.

१२. सप्टेंबरमध्ये रोज येणारी हरणे ऑक्टोबरात गायब झाली. असे का?

मान वर करून झाडांकडे पाहावे. ओकची फळे गळू लागली की, विशेषतः पांढऱ्या ओकची, हरणे हिरव्या ताटाकडे पाठ फिरवतात. तो फळांचा हंगाम ओसरला की ती परत येतात. दुसरे कारण म्हणजे तुम्ही स्वतः. रोज संध्याकाळी कॅमेरा तपासायला तुकड्याच्या मधून चालत जाणाऱ्या माणसाचा वास हरणांना चांगला लक्षात राहतो आणि ती अंधार पडल्यावरच बाहेर येऊ लागतात. जायचेच तर वाऱ्याच्या खालच्या अंगाने, भर दुपारी आणि आठवड्यातून एकदा.

१३. या चाऱ्याने नरांची शिंगे मोठी होतात का?

शिंगे एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत वाढतात आणि हा चारा सप्टेंबरमध्ये उगवतो. एवढ्यावरच उत्तर संपायला हरकत नाही. वय, वर्षभराचा आहार आणि वंश यांवर शिंगे ठरतात. उन्हाळ्यातील क्लोव्हरचा थोडा हातभार लागत असेल, पण प्रश्न ३ मधील वावराचे गणित तेथेही लागू आहे.

१४. एवढी मेहनत करण्यापेक्षा मक्याचे पोते ओतून ठेवले तर?

या प्रश्नाचे उत्तर दोन पातळ्यांवर द्यावे लागते. कायद्याच्या दृष्टीने उगवलेले पीक आणि ओतलेले धान्य यांत बहुतेक राज्ये स्पष्ट फरक करतात. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मका टाकून शिकार करता येते. पेनसिल्व्हेनियात हरणांना आमिष टाकून शिकार करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, फूड प्लॉटला नाही. मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पात २०१९ मध्ये आमिषावर बंदी आली. नियम राज्यागणिक, आणि विस्कॉन्सिनसारख्या ठिकाणी काउंटीगणिक, बदलतात, म्हणून दर हंगामापूर्वी आपल्या राज्याच्या वन्यजीव विभागाची चालू वर्षाची नियमपुस्तिका पाहिल्याशिवाय काहीही करू नये.

या कडकपणामागे हरणांचा क्षयकारी रोग आहे. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला, २००२ मध्ये विस्कॉन्सिनला आणि २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियाला पोहोचला. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे तो होतो, त्यावर औषध नाही आणि लाळ, मूत्र, माती यांतून तो पसरतो. धान्याच्या एका ढिगात दहा हरणांनी तोंडे घातली की लाळेची देवाणघेवाण ओघानेच आली. पेनसिल्व्हेनियात रोगग्रस्त म्हणून जाहीर केलेल्या भागांत हरणांना खाऊ घालणेच निषिद्ध आहे. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरीही बाधित भागातील मांसाची तपासणी करून घ्यावी आणि रोग आढळल्यास ते खाऊ नये, अशी शासकीय आरोग्य यंत्रणेची सूचना आहे.

दुसरी बाजू पोटाची. हरीण हे गाईसारखेच रवंथ करणारे जनावर आहे. हिवाळ्यात काटक्या आणि साली पचवण्यासाठी बेतलेल्या कोठीपोटात एकदम मका पडला की आम्लता वाढते आणि भरल्या पोटी जनावर मरते. गाईने चोरून पिठाच्या डब्यात तोंड घातल्यावर काय होते ते ज्यांनी गोठ्यात पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको. दयेपोटी जानेवारीत धान्य घालणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

१५. त्याच तुकड्यावर उतरणाऱ्या बदकांची शिकार करता येते का?

येथे भले भले फसतात. बदके आणि हंस यांना संघराज्याचा स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा कायदा लागू होतो. नुकत्याच पेरलेल्या ज्या फूड प्लॉटवर दाणे उघडे पडलेले आहेत, तो या कायद्याने आमिष टाकलेला भाग ठरतो, आणि दाणे पूर्ण नाहीसे झाल्यानंतरही दहा दिवस तो तसाच धरला जातो. हरणांसाठी कायदेशीर असलेली फोकून केलेली पेरणी बदकांसाठी गुन्हा ठरू शकते ती अशी.

१६. रस्त्यावरून तुकडा दिसतो. आडोशाला काय लावू?

ज्वारी. येथे ‘इजिप्शियन व्हीट’ या नावाने विकले जाणारे बियाणे गहू नसून ज्वारीचाच एक उंच प्रकार आहे. पोते उघडल्यावर मला तर गावाकडच्या खळ्याचाच वास आला. जमीन १८ अंशांच्या वर तापली की, म्हणजे मेअखेर-जूनमध्ये, रस्त्याच्या बाजूने दोन-तीन मीटर रुंद पट्टा पेरावा. ऑगस्टपर्यंत ती आठ-दहा फूट होते आणि थंडीने वाळली तरी बराच काळ उभी राहते. कोवळ्या ज्वारीने जनावराला किरळ लागते हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. दहिवर पडल्यानंतर फुटलेल्या नव्या कोंबांतही तेच सायनाइडचे विष असते, म्हणून शेजाऱ्याची गुरे किंवा शेळ्या आत येत असतील तर हा पट्टा टाळावा. ज्वारीचीच बहीण असलेले जॉन्सन गवत अनेक राज्यांत उपद्रवी तण म्हणून घोषित आहे, त्यामुळे लेबल नसलेले बी घेऊ नये.

आणखी एक : रस्त्यापासून तुकडा जितका लांब तितका बरा. नोव्हेंबरच्या माजाच्या दिवसांत नर कशाचेही भान न ठेवता धावतात आणि गाड्यांवर आदळतात.

१७. भारतातून येताना गावची ज्वारी-बाजरी किंवा गहू बियाण्यासाठी आणले तर?

आणू नये. पेरणीच्या बियांना कृषी खात्याची परवानगी आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि साठवणीतल्या धान्यात येणाऱ्या खापरा भुंगेऱ्याच्या धास्तीने तांदळासारखे धान्य प्रवासी सामानातून आणण्यावरही बंदी आहे. विमानतळावर पिशवी जप्त होते आणि दंड वेगळा.

भारतीय किराणा दुकानातील गहू पेरून पाहिल्याचे दोघा-तिघांनी कळवले आहे. तो उगवतोही. पण आपला गहू रब्बीत पेरला जात असला तरी जातीने तो ‘वसंती’ गहू आहे. येथील हिवाळी गव्हासारखी गोठणारी थंडी सोसण्याची त्याची घडण नाही. डिसेंबरात तो ओटच्याच वाटेने जातो.

१८. वसंतात राय कमरेएवढी झाली. आता काय करू?

घाबरू नये, कारण पुढच्या हंगामाची निम्मी तयारी त्या उभ्या रायमध्ये आहे. एप्रिलअखेर ती पोटरीत येते आणि निबर होते, मग हरणे तिच्याकडे फिरकत नाहीत. खाली क्लोव्हर असेल तर राय निसवल्यावर गुडघ्याच्या उंचीवर कापावी, म्हणजे क्लोव्हरला ऊन मिळते. क्लोव्हर नसेल तर ती फुलोऱ्यात येऊ द्यावी आणि रूळ फिरवून आडवी करावी; फुलोऱ्याआधी आडवी केलेली राय पुन्हा उठून बसते, फुलोऱ्यानंतरची बहुधा तेथेच मरते. हा पेंढा बारीक बियांच्या तणाला वर येऊ देत नाही, त्यात रायच्या मुळांतून व पाल्यातून सुटणाऱ्या द्रव्यांचाही वाटा असतो. याच आच्छादनात जूनमध्ये कुट्टू टाकता येतो. तो महिन्याभरात फुलतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा राय पेरेपर्यंत जमीन झाकून धरतो. निबर पेंढा कुजताना जमिनीतील नत्र काही काळ अडकवून ठेवतो, हे लक्षात घेऊन त्यानंतरच्या पिकाला नत्र देताना हात आखडता घेऊ नये.

दाणे भरेपर्यंत राय ठेवलीच तर कणसांत काळी-जांभळी, उंदराच्या लेंडीसारखी शिंगे दिसतात का पाहावे. बाजरीवर येतो त्याच कुळातला हा अरगट नावाचा बुरशीचा रोग आहे. अशी कणसे कापून पुरून टाकावीत.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत यंत्र चालवण्यापूर्वी मात्र संपूर्ण तुकडा पायी चालून पाहावा. पाडसे याच दिवसांत जन्मतात आणि आई चरायला गेली की उंच रायमध्ये निपचित पडून राहतात. धोका दिसला तरी ती उठत नाहीत, उलट अधिक चिकटून बसतात. एकदा माझ्या बुटापासून हातभर अंतरावर ठिपक्यांची पाठ श्वासाबरोबर वरखाली होताना दिसली, डोळे उघडे, कान मानेला चिकटलेले. त्या वर्षी मी कापणी जूनअखेरपर्यंत पुढे ढकलली. सापडलेले पाडस ‘अनाथ’ समजून उचलू नये. आई जवळपासच असते.

१९. आम्ही शाकाहारी आहोत, शिकार करणार नाही. तरीही प्लॉट करावा का?

पाहण्याच्या आनंदासाठी करणारे पुष्कळ आहेत आणि पद्धत तीच राहते. पण दोन गोष्टी पत्कराव्या लागतात. हरणे तुमच्या तुकड्याची हद्द ओळखत नाहीत. शेजाऱ्याची ट्यूलिप आणि तुमची मेथी-कोथिंबीर दोन्ही त्याच जेवणाचा भाग होतात, म्हणून आधी शेजाऱ्याशी आणि वसाहतीची समिती असल्यास तिच्याशी बोलून घ्यावे. दुसरे म्हणजे गोचीड. काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो आणि तिची पिल्लावस्था खसखशीच्या दाण्याएवढी असते. तुकड्यावरून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि मुलांच्या केसांत रोज तपासावे. शिकारीच्या हंगामात स्वतःच्या जागेतही भडक नारिंगी जाकीट घालूनच फिरावे.

२०. विदर्भातल्या आमच्या शेतात चितळ, नीलगायी येतात. तेथे असा प्लॉट करता येईल का?

करू नये. तेथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे, शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि रानडुकरे व रोही (नीलगायी) यांनी आधीच जेरीस आलेल्या शेजारच्या शेतकऱ्याच्या तुरी-हरभऱ्याकडे आपण होऊन कळप वळवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. चितळांमागे बिबट्या येतो ते निराळेच. महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारे काम वनखाते संरक्षित क्षेत्रांच्या आत करते. ताडोबातील नवेगाव, जामणी ही गावे बाहेर हलवल्यावर त्यांच्या शेतजमिनींची कुरणे झाली. तेथे धान्य पेरत नाहीत, तर स्थानिक गवते वाढवतात आणि तण उपटतात. जंगलाच्या आत चारा असला की जनावर शेताकडे कमी येते, हा त्यामागचा विचार आहे.

२१. उरलेले बियाणे पुढच्या वर्षी चालते का?

ओट आणि गहू कोरड्या, थंड जागी ठेवले तर सहसा चालतात. राय मात्र उगवणशक्ती लवकर गमावते. ऑगस्टमध्ये शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि सातव्या दिवशी कोंब मोजावेत. ऐंशीच्या वर निघाले तर नेहमीचे प्रमाण ठेवावे, साठ निघाले तर बी दीडपट करावे, त्याखाली नवे पोते आणावे. गुलाबी किंवा निळा रंग चढवलेले बी बुरशीनाशक लावलेले असते. ते फक्त पेरावे, उरले तर पक्ष्यांना किंवा कोंबड्यांना टाकू नये, आणि हाताळताना हातमोजे घालावेत.